मुरमाची वाट

हैदराबादच्या पश्चिमेस, उस्मानसागर आणि हिमायतसागर ह्या दोन जलाशयांच्या आसपास, तांबड्या मुरमाच्या वाटांचे एक जाळे अद्याप शिल्लक आहे, ही गोष्ट आपल्या शहरातील पुष्कळ मराठी कुटुंबांस ठाऊक नसावी. वास्तविक त्या बाजूस जाणाऱ्यांची संख्या थोडी नाही. चिलकूरच्या बालाजीस अकरा प्रदक्षिणा घालून नवस बोलावयाचा आणि इच्छा फळास आली म्हणजे एकशे आठ घालून तो फेडावयाचा, हा परिपाठ आता घरोघरी माहीत झाला आहे. नवस बहुधा परदेशगमनाच्या परवान्याचा असतो, म्हणून ह्या देवास 'व्हिसा बालाजी' असे नावच पडून गेले आहे. परंतु सातासमुद्रांपलीकडे जाण्यासाठी प्रदक्षिणा घालणाऱ्या ह्या मंडळींपैकी देवळाच्या पलीकडे मैलभर फिरून आलेले कितीजण निघतील? मोटारीतून उतरावे, दर्शन घ्यावे, शहाळे प्यावे आणि परतावे, ह्यापलीकडे त्या मुलखाशी आपला संबंध येत नाही.

गेल्या हिवाळ्यात नववी-दहावीच्या चौदा मुलामुलींना बरोबर घेऊन आम्ही तिघा शिक्षकांनी सहा रविवार ह्या वाटा सायकलींवरून पालथ्या घातल्या. त्या फिरण्याचे वर्णन करणे हा ह्या लेखाचा हेतू नाही. वर्णने मुलांनी आपापल्या वह्यांत लिहिली आहेत आणि ती आमच्याच्याने लिहिली गेली असती त्याहून सरस आहेत. परंतु त्या सहा रविवारांत आमची काही मते बनली, ती विद्यार्थ्यांपुढे आणि विशेषतः त्यांच्या पालकांपुढे ठेवावीत असे वाटते.

तरीही वाट कशी आहे हे थोडेसे सांगितल्यावाचून पुढचे बोलणे अधांतरी राहील. डांबरी सडक सुटली की पहिल्यांदा जाणवतो तो आवाजातील फरक. चाकाखाली मुरूम करकरू लागतो आणि मोटारींची घरघर मागे राहते. हैदराबादचा खडक ग्रॅनाइटचा. त्याचे वय सुमारे अडीच अब्ज वर्षे मानतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण त्यापुढे अगदी कालपरवाचा, साडेसहा कोटी वर्षांचा. ऊनपाऊस खात हा ग्रॅनाइट झिजतो, कुजतो आणि त्याचा रवाळ, तांबूस भुगा होतो. तोच मुरूम, इथले लोक त्याला मोरम म्हणतात. जो भाग कुजत नाही तो मोठमोठ्या गोल धोंड्यांच्या रूपाने उरतो. कोणी हौसेने एकावर एक रचून ठेवावेत तसे हे धोंडे वाटेच्या दोहों अंगांस उभे असतात. त्यांच्या फटींतून सीताफळीची झुडपे आपोआप वाढलेली, मधूनमधून ताड आणि शिंदी, आणि पिवळ्याधमक फुलांचा तरवड. ह्या तरवडाला तेलुगूत तंगेडू म्हणतात. बतुकम्माच्या सणात स्त्रिया फुलांची जी उतरंड रचतात तीत त्याला मानाचे स्थान असते, आणि तेलंगणाने त्याला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. एखाद्या चढावर पोचावे तो समोर एकाएकी जलाशयाचे पाणी दिसते आणि काठच्या वठलेल्या झाडावर पाणकावळे पंख पसरून वाळवीत बसलेले असतात.

पश्चिमेकडे, विकाराबादच्या अंगाने, जसजसे जावे तसतशी तांबड्या मुरमात काळी माती मिसळू लागते. सह्याद्रीपासून पसरत आलेल्या लाव्ह्याच्या थरांची पूर्वेकडील कड ह्याच बाजूस येऊन संपते. भूगोलाच्या तासाला ही गोष्ट एका वाक्यात सांगून मोकळे होता येते. शेवटच्या रविवारी मात्र एका शेतातले पाणी वाटेवर आले होते, तेथे चाकाला बसलेला काळा, चिकट चिखल काडीने काढता काढता एक मुलगी म्हणाली, "सर, ही तर आमच्या आजोळची माती." तिचे आजोळ नांदेडकडचे. नकाशावर आम्ही तिला जे दाखविले असते ते तिने चिखलात ओळखले, आणि त्या दिवशी भूगोल शिकविण्याचे काम आमच्यासाठी उरले नाही.

ह्या वाटांसाठी सायकल कोणती घ्यावी, असे पालक विचारतात. बाजारात अलीकडे 'ग्रॅव्हल बाइक' नावाची खास सायकल मिळते आणि तिच्या किमती ऐकून मध्यमवर्गीय गृहस्थाने गप्प बसावे अशा असतात. तिची थोरवी पुष्कळशी तिच्या टायरात आहे. तो साधारणपणे ४० मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे सुट्या खडीत रुतत नाही. आता गंमत पाहा. आपल्या दूधवाल्याची, पोस्टमनची, आजोबांची ती उंच काळी सायकल, जिच्या टायरावर २८ × १½ असे कोरलेले असते, तिच्या टायराची रुंदीही तितकीच भरते. म्हणजे ज्या वस्तूसाठी लोक आज हजारो रुपये मोजतात ती आपल्या घराच्या जिन्याखाली वर्षानुवर्षे गंजत पडलेली आहे! आमच्या चौदांपैकी पाचजण असल्याच सायकलींवर आले होते आणि ते मागे पडले नाहीत. ह्या सायकलीला गिअर नसतात हे खरे. पण मोठ्या चढावर उतरून ढकलीत जाण्यात कमीपणा कसला? मुरमावर चालविण्यास काही सवयी मात्र लावून घ्याव्या लागतात. हवा गच्च भरू नये, डांबरावर भरतो त्याहून थोडी कमी ठेवावी, म्हणजे टायर खड्यावरून उसळण्याऐवजी त्याला कवेत घेतो. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. पकड सैल ठेवावी. हँडल घट्ट आवळून धरणाराच आधी पडतो.

आणखी एक गोष्ट मुलांनी हेरली ती सांगण्याजोगी आहे. काही ठिकाणी मुरमावर धुण्याच्या फळीसारख्या आडव्या लाटा उठलेल्या असतात आणि तेथे सायकल हाडे खिळखिळी करते. वेगाने जाणारे चाक लहानशा उंचवट्यावरून उडते, पलीकडे आदळताना खळगा पाडते आणि तो खळगा मागून येणाऱ्या चाकाला पुन्हा उडवितो. अशी ही लाटांची माळ वाढत जाते. बैलगाडीने किंवा पायी चालण्याने त्या पडत नाहीत; त्यांस मोटारीचा वेग लागतो. ह्यावरून आमच्या मुलांनी एक खूणच बसवून टाकली होती: लाटा लागल्या की पुढे फार्महाऊसचे फाटक आलेच म्हणून समजावे. सहा रविवारांत ही खूण क्वचितच चुकली.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. शहराच्या इतक्या जवळ हा मोकळा टापू राहिला तो आपोआप नव्हे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला जो महापूर आला त्यात हजारो माणसे गेली. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडाने त्या दिवशी सुमारे दीडशे माणसांचे प्राण वाचविले, आणि ते झाड लोक आजही दाखवितात. त्या पुरानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांस पाचारण केले. हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे विद्यार्थी, मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दारे बसविणारे. नदीला शहरात अडविण्यापेक्षा तिचे पाणी शहराच्या वर, उगमाच्या बाजूला, जलाशयात साठवावे असा त्यांचा सल्ला होता. त्यातून मुसीवर १९२० साली उस्मानसागर आणि तिची उपनदी जी ईसी, तिच्यावर १९२७ साली हिमायतसागर तयार झाला. ह्या दोन नद्यांचा संगम लंगरहौजजवळ, बापूघाटापाशी होतो. पुढे जलाशयांत येणारे पाणी स्वच्छ राहावे म्हणून १९९६ साली शासनाने १११ क्रमांकाचा आदेश काढला आणि दोन्ही जलाशयांभोवतीच्या १० किलोमीटरच्या टापूतील ८४ गावांत बांधकामावर कडक निर्बंध घातले. आम्ही ज्या वाटांवर फिरलो त्या ह्या आदेशाच्या सावलीत टिकलेल्या आहेत. हा आदेश उठविण्याचा निर्णय २०२२ साली झाला.

ह्या निर्बंधांमुळे आपल्या जमिनीस भाव येत नाही, ही तेथील शेतकऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. शहराने पाणी प्यावे आणि त्याची किंमत चेवेळ्याच्या किंवा मोईनाबादच्या कुणब्याने मोजावी, ह्यात न्याय कोठला? आणि निर्बंध असतानाही पैसेवाल्यांची कुंपणे व बंगले उठतच होते, हे तर कोणालाही दिसत होते. म्हणून 'काही बदलूच नये' असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला आम्ही नाही. आमचा आग्रह फार लहान गोष्टीसाठी आहे: वाटेसाठी.

आमची मुले परतताना मोठ्या उत्साहाने म्हणत, "आज आम्ही नवी वाट शोधून काढली." वाट नवी नसते आणि ती कोणी शोधून काढलेलीही नसते. पेरणीला, खळ्यावर, तळ्यावर, शेजारच्या गावच्या बाजाराला जाणाऱ्यांनी ती पिढ्यान्पिढ्या तुडविलेली असते. तेलुगूत तिला 'बंड्ल बाट' म्हणतात, म्हणजे गाड्यांची वाट. आपल्याकडे महाराष्ट्रात तिलाच कोठे गाडीवाट म्हणतात, कोठे पाणंद. गावाच्या नकाशात ती दाखविलेली असते. ती कोणा एकाच्या मालकीची नसते, गावाची असते. परंतु ज्या शेतांमधून ती जाते ती सगळी शेते एकाच मालकाने विकत घेतली की तो त्यांच्या सभोवती भिंत बांधतो आणि वाट त्या भिंतीच्या पोटात जाते. असे एक फाटक आम्हांला चौथ्या रविवारी लागले. रखवालदार सभ्य होता. पुढे जाता येणार नाही एवढेच त्याने सांगितले. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी तेथे आली आणि भिंतीला वळसा घालून, काट्याकुट्यांतून, जवळजवळ अर्धा मैल लांबच्या फेऱ्याने निघून गेली. ह्यापूर्वी ती कोठून जात असे, ते एका तेलुगू जाणणाऱ्या मुलाने तिला विचारले. तिने हाताने फाटकाकडे बोट दाखविले आणि चालू लागली. आमचे काय, आम्ही सायकली वळवून दुसरीकडे गेलो. आमचा रविवार बिघडला नाही. तिचा मात्र रोजचा दिवस लांबला होता.

म्हणून आम्हांला असे वाटते की, सायकल घेऊन त्या मुलखात जाणाऱ्या शहरी माणसाने स्वतःस शोधक समजण्यापेक्षा साक्षीदार समजावे. कोणती वाट कोठून कोठे जात होती, ती केव्हा बंद झाली, हे लिहून ठेवण्याइतका वेळ त्याच्यापाशी असतो. गवताचा भारा वाहणाऱ्या बाईपाशी नसतो. महाराष्ट्रात शेताची वाट कोणी अडविली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली आजही दाद मागता येते. दाद मागणारा आपल्या बाजूने काय पुरावा आणतो, ह्यावर पुष्कळ अवलंबून असते; आणि वाट वापरात होती ह्याचा पुरावा म्हणजे वापरणाऱ्यांची साक्ष. वापर थांबला की पुरावाही विझत जातो.

मग ही वाट पक्की करावी की कच्चीच ठेवावी? ह्या प्रश्नावर आमच्यातच दोन तट पडले होते. इतिहास पाहता सायकलवाल्यांनी ह्या बाबतीत फारसे बोलू नये असे कोणी म्हणाल्यास नवल नाही. चांगल्या रस्त्यांची मागणी इंग्लंडात प्रथम संघटितपणे केली ती सायकलवाल्यांनीच, १८८६ साली त्यासाठी संस्था काढून. अमेरिकेतही तेच घडले. मोटार आली ती त्यांनी मागून घेतलेल्या गुळगुळीत रस्त्यांवरून, आणि तिने सायकलीला कडेच्या गटारापर्यंत ढकलले! शंभर वर्षांनंतर चक्र उलटे फिरले. इटलीच्या तोस्काना प्रांतातील पांढऱ्या खडीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ साली तेथील काही मंडळींनी जुन्या धाटणीच्या सायकलींची एक फेरी सुरू केली. 'लेरोइका' ह्या नावाने ती पुढे जगभर गाजली, आणि त्या रस्त्यांकडे पाहण्याची लोकांची दृष्टीच बदलली.

तोस्कानाचे उदाहरण आम्ही जसेच्या तसे इथे लावणार नाही. ज्या वस्तीला पावसाळ्यात रुग्णवाहिका पोचत नाही तिच्यापुढे मुरमाचे सौंदर्य वर्णन करणे हा निर्दयपणा होय. गावाला जोडणारा रस्ता पक्काच हवा, आणि वस्तीतून जाणारा तुकडाही पक्का हवा, कारण मुरमाची धूळ शेवटी कोणाच्या तरी भाकरीवर बसते. परंतु शेताशेतांतून जाणारी, तळ्याच्या काठाकाठाने जाणारी वाट मुरमाचीच बरी. तीवर पडलेले पाणी बरेचसे मुरते. तीवर मोटारीचा वेग वाढत नाही. आणि मुख्य म्हणजे, डांबर पडले की जमिनीचा भाव चढतो, भाव चढला की भिंत येते, आणि भिंत आली की वाट जाते. डांबराने वाट टिकते ही समजूत ह्या टापूत तरी आम्हांला खरी आढळली नाही.

शहराने सायकलस्वारांसाठी काही केले नाही असेही नव्हे. बाह्यवळण मार्गाच्या कडेने २३ किलोमीटरची, वर सौरपत्र्यांचे छप्पर असलेली सायकलवाट १ ऑक्टोबर २०२३ पासून खुली झाली आहे. छपराखाली सावली मिळते, छपरावर १६ मेगावॉटपर्यंत वीज तयार होऊ शकते. कल्पना खरोखर स्तुत्य आहे. पहिल्या दोन रविवारी आम्ही मुलांना मुद्दाम तेथेच नेले, कारण ज्यांनी गल्लीबाहेर सायकल चालविलेली नाही त्यांना सराव करण्यास ह्याहून सुरक्षित जागा शहरात नाही. पण तिसऱ्या रविवारी मुलांना विचारले तेव्हा एकालाही तेथे परत जावयाचे नव्हते. तेथे चुकण्याची सोय नाही, असे एकजण म्हणाला. मुरमाच्या वाटेवर दुफाटा लागतो, कोणाला तरी विचारावे लागते, आणि विचारावयाचे म्हणजे तेलुगू बोलावे लागते. तीन-तीन पिढ्या ह्या शहरात काढलेल्या आपल्या घरांतील मुलांना दखनी चांगली येते, तेलुगू मात्र शाळेपुरतीच येते. ती उणीव ह्या सहा रविवारांत जितकी भरून निघाली तितकी वर्षभराच्या तासिकांत निघाली नसती.

पालकांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. खरा धोका मुरमावर नाही. मुरमापर्यंत पोचण्यात आहे. पोलीस अकादमीपासून मन्नेगुड्यापर्यंतचा सुमारे ४६ किलोमीटरचा विजापूर रस्ता जुन्या वडांच्या कमानीतून जातो. सुमारे नऊशे वड, आणि ते तोडून रस्ता रुंद करावा की नाही हा वाद हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. वड अप्रतिम आहेत. पण त्यांच्या सावलीतून मुलांना सायकलीवर पाठवू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात ह्याच रस्त्यावर मिर्झागुड्याजवळ खडीने भरलेला टिप्पर प्रवासी बसवर आदळून मोठी प्राणहानी झाली. आम्ही सायकली टेम्पोत घालून चिलकूरच्या अलीकडे उतरवीत असू आणि तेथून फिरणे सुरू करीत असू. भाडे विभागले म्हणजे प्रत्येकी फार पडत नाही. एकट्यादुकट्याने जाऊ नये, डोक्यावर शिरस्त्राण असावे, उजाडता निघून ऊन चढण्यापूर्वी परतावे. मुलींना पाठविण्यास काही घरे कचरली. ज्या सहाजणी आल्या त्यांच्या मातांनी दुसऱ्या रविवारी स्वतः येऊन पाहिले आणि तिसऱ्या रविवारी दोघी स्वतःच्याच सायकली घेऊन आल्या.

येत्या हिवाळ्यासाठी एक योजना आहे. चिलकूरच्या आसपासच्या काही गावांचे जुने नकाशे पाहून, त्यांत दाखविलेल्या गाडीवाटांपैकी आज किती खुल्या आहेत हे मुलांनी सायकलीवरून जाऊन तपासावे, असे ठरले आहे. अडचण आहे ती लिपीची. निजामाच्या काळातील महसुली कागद उर्दूत आहेत. आमच्या विद्यार्थ्यांना ते वाचता येत नाहीत, आणि खरे सांगावयाचे तर आम्हां शिक्षकांनाही नाही. परंतु आपल्या कित्येक मराठी घरांत उर्दू माध्यमातून शिकलेले, पुढे महसूल किंवा भूमापन खात्यात नोकरी केलेले आजोबा आहेत. फार थोडे उरले आहेत, आणि तेही नव्वदीच्या घरातले. त्यांपैकी कोणी सकाळचा तासभर देऊ शकत असतील तर घरच्या मंडळींनी शाळेत तसे कळवावे. मुले त्यांच्या घरी येतील, नकाशा त्यांच्यापुढे पसरतील, आणि ते जी नावे वाचून दाखवितील ती देवनागरीत उतरवून घेतील. नकाशाचे अक्षर बारीक आहे. म्हणून भिंगाची सोय आम्ही करून ठेविली आहे.